एकशेवीस सायकली आणि एक अ‍ॅम्ब्युलन्स

प्रश्न : आजारी मुलांच्या उपचारांसाठी निधी उभा करायला एका सेवाभावी गटाने 70 किलोमीटरची सायकलफेरी ठरवली आहे. तिला सहा आठवडे उरलेत. नावनोंदणी 120 जणांची झाली आहे. त्यातले चाळीसएक जण नियमित सायकल चालवतात; बाकी ऐंशीपैकी बहुतेकांनी एका दमात 20 किलोमीटरच्या वर कधी चालवलेली नाही. याशिवाय ग्रुपने सायकल चालवण्याचा चांगला अनुभव असलेले 16 कार्यकर्ते गटाकडे आहेत. देणगीदारांनी पूर्ण झालेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल केली आहे. सगळ्यांनी बॅनरसह एकत्र निघायचं, पुढे एक गाडी, मागे अ‍ॅम्ब्युलन्स, असा समितीचा बेत आहे. वाटेत एक लांब उतार आहे. सुरक्षेची जबाबदारी पत्रलेखिकेकडे आहे. तिने ट्रक, खड्डे आणि भटक्या कुत्र्यांची यादी समितीसमोर ठेवली तेव्हा उत्तर मिळालं, ‘हेल्मेट सक्तीचं आहे, फॉर्मवर सही घेतोय, अ‍ॅम्ब्युलन्स आहे. अजून काय हवं?’ गेल्या वर्षी दोघं एकमेकांवर आदळून पडले होते, खरचटण्यावर निभावलं. ती विचारते : मी उगाच घाबरतेय का? आणि समितीने ऐकलंच नाही तर मी काय करायचं?

उत्तर : घाबरताय की नाही हे ठरवायच्या आधी थोडा हिशोब करू. समितीशी बोलतानाही तोच कामाला येईल.

हेल्मेट, सही आणि अ‍ॅम्ब्युलन्स, तिन्ही हव्यातच. पण तिन्ही गोष्टी माणूस पडल्यानंतर उपयोगी पडतात. माणूस पडूच नये यासाठी समितीच्या बेतात पुढच्या एका गाडीखेरीज काही नाही, आणि त्या गाडीचाही फारसा उपयोग नाही. का ते पुढे येईलच.

तुमच्या यादीबद्दलही एक शंका आहे. ट्रक, खड्डे, कुत्री हे धोके खरे आहेत. पण गेल्या वर्षीचे दोघं त्यातल्या कशामुळेही पडले नाहीत, एकमेकांमुळे पडले. नवख्यांच्या फेरीत पहिला धोका असतो शेजारची सायकल. पडण्याची तऱ्हाही जवळजवळ ठरलेली आहे. मागच्याचं पुढचं चाक नकळत सरकत पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येतं. पुढचा खड्डा चुकवायला हातभर बाजूला होतो आणि चाकं एकमेकांना घासतात. पुढच्याला जरासा धक्का बसतो, तो बहुधा तसाच पुढे जातो. मागच्याचं हँडल मात्र त्या क्षणी अडकतं. आणि सायकलचा तोल हँडलच्या बारीक हालचालींनीच सावरला जात असल्याने तो आडवा होतो. मग त्याच्या मागचे त्याच्यावर. म्हणून चाकाशेजारी चाक आणायचं नाही, हा पहिला नियम.

दुसरं कारण ब्रेकचं. रांगेत पहिल्याने वेग थोडा कमी केला तर दुसरा किंचित उशिरा आणि किंचित जास्त ब्रेक दाबतो, तिसरा त्याहून जास्त. विसाव्या माणसापर्यंत पोचेतो साध्या मंदावण्याचा करकचून ब्रेक झालेला असतो. 20 किलोमीटरच्या वेगात सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते आणि लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंतच एखादा सेकंद जातो. रांग जितकी लांब, तितकं शेवटी काय होईल हे पुढच्याच्या हातात राहत नाही.

आता एकत्र निघण्याचा हिशोब. दोघं शेजारी-शेजारी आणि मागच्या-पुढच्या दोन जोड्यांमध्ये दोन सायकलींएवढं अंतर धरलं, तर प्रत्येक जोडी साधारण साडेपाच मीटर रस्ता व्यापते. 120 जणांची फेरी म्हणजे सव्वातीनशे मीटरचा सलग जथा. तो 20 च्या वेगाने चालला असताना 50 ने येणाऱ्या मोटारीला ओलांडून जायला 39 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर समोरच्या वाहतुकीच्या बाजूने कापते. दुपदरी रस्त्यावर इतका मोकळा पट्टा क्वचितच मिळतो. समोरून कोणी आलं की मोटारवाला जथ्यात घुसतो. त्याची चूक असतेच, पण तशी वेळ तुमच्या रचनेने आणलेली असते. हेच 12 जणांच्या गटाला ओलांडायला चार सेकंद आणि पन्नासएक मीटर पुरतात. (दोघांनी शेजारी चालवणं सगळीकडच्या कायद्यात बसत नाही. तुमच्याकडचा नियम पाहून घ्या. अरुंद रस्त्यावर आणि मागून वाहन आल्यावर एकामागे एक हे तर कुठेही.)

तेव्हा 10 सहभागी, पुढे एक लीड (वेग आणि वाट ठरवणारा), मागे एक स्वीप (कोणी मागे राहू नये हे पाहणारा), असे बाराजणांचे गट करा आणि तीन-तीन मिनिटांनी सोडा. बॅनरसह एकत्र फोटो निघण्यापूर्वी उभ्यानेच काढा, मग बॅनर गाडीत टाका.

### 70 किलोमीटर कोणासाठी?

गट केल्याने निम्मं काम होतं. उरलेलं अंतराशी निगडित आहे आणि समितीने तिकडे पाहिलेलंच दिसत नाही. नियमित चालवणारे 24 च्या सरासरीने 70 किलोमीटर पावणेतीन-तीन तासांत संपवतील. नवख्यांची सरासरी 15 धरा. थांबे सोडून त्यांना 4 तास 40 मिनिटं लागतील. शेवटचा गट अर्ध्या तासाने निघाला, तर पहिला गट परत येऊन टेकतो तेव्हा शेवटचा जेमतेम 36 व्या किलोमीटरवर असतो. सगळे मिळून तुमची फेरी चौतीस किलोमीटर पसरलेली आहे. मागून चालणारी एकुलती एक अ‍ॅम्ब्युलन्स पुढे कोणी पडलं तर कधी पोचणार? शिवाय ज्यांनी आजवर 20 च्या वर चालवलेली नाही त्यांची शेवटची तीसेक किलोमीटर दुखरे हात, ताठलेली मान आणि चढलेलं ऊन यांत जातील. थकलेल्या माणसाची सायकल डुलते, मान खाली जाते, मागे वळून पाहायचा कंटाळा येतो.

70 हा आकडा कुठून आला ते समितीला विचारा. बहुतेक वेळा तो गोल आणि देखणा वाटला म्हणून आलेला असतो. त्याऐवजी दोन मार्ग आखा : सरावलेल्यांना 50, नवख्यांना 25. सरावलेले गट आधी सोडा म्हणजे कोणाला कोणाला ओलांडावं लागत नाही. 50 किलोमीटरला त्यांना 2 तास 5 मिनिटं लागतील, 25 ला नवख्यांना 1 तास 40 मिनिटं. निघण्यातला फरक धरूनही थांबे सोडून सगळे वीस-बावीस मिनिटांच्या अंतराने परत येतात. एक मोह टाळा : 25 च्या दोन फेऱ्या मारून 50 करायचे. दुसऱ्या फेरीत वेगातले गट संथ गटांना मागून गाठतात आणि ओलांडणं पुन्हा आलंच. वेगळे रस्ते घ्या. दोन्ही वळसे सुरुवातीच्या जागेवरून निघून तिथेच परत येत असतील तर अ‍ॅम्ब्युलन्स तिथे किंवा दोन्हींना जवळच्या जागी उभी ठेवता येते, आणि 25 च्या वळशावर कुठलीही जागा रस्त्याने साडेबारा किलोमीटरहून लांब राहत नाही.

किती जण घ्यायचे हे लीड आणि स्वीप किती आहेत त्यावर ठरतं. तुमच्याकडे 16 आहेत, म्हणजे आठ गट, म्हणजे ऐंशी माणसं. नियमित चाळिसांतून आठ जण तयार केलेत तर सहभागी 112 उरतात, अकरा गट होतात आणि 24 जणांत दोन राखीवही राहतात. सहा आठवडे त्याला पुरेसे आहेत. आठ जण तयार झाले नाहीत तर नोंदणी कमी करावी लागेल. अनुभवी माणूस नसलेला गट सोडू नये.

त्यांना तयार करायचं म्हणजे वेगाने चालवायला शिकवायचं नाही. पुढच्याने आपल्या गटातल्या सर्वात संथ माणसाच्या वेगाने चालायचं, चढावर आणखी कमी. सर्वात कमकुवत माणूस लीडच्या लगेच मागे. शेवटी ठेवलात तर ब्रेकच्या लाटेचा आणि ताणल्या जाणाऱ्या रांगेचा मार त्यालाच बसतो. खड्डा, थांबतोय, मागून गाडी, एका ओळीत : एवढे चार पुकारे पुरेत. पहिले दोन पुढून मागे, तिसरा मागून पुढे जातो. नवख्यांना हातवारे करायला सांगू नका, कारण खड्डा दाखवायला हात सोडला की ब्रेकवर एकच हात उरतो.

सहभागींसाठीही निदान दोन रविवार मोकळ्या मैदानावर घ्या. सरळ रेषा न सोडता खांद्यावरून मागे पाहणं, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून 20 च्या वेगातून थांबणं, पुढच्याशी दोन सायकलींचं अंतर राखणं. वाचताना हे बाळबोध वाटतं, पण मागे पाहताना हँडल त्याच बाजूला न वळवणं बऱ्याच प्रौढांना जमत नाही. आणि एक अट घाला : फेरीच्या दोन आठवडे आधीपर्यंत ज्याने आपल्या अंतराच्या साठ-सत्तर टक्के एकदा तरी चालवलेलं नाही, त्याने त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून यावं.

### पैसे आणि माघार

तुमच्या पत्रातली सर्वात काळजीची ओळ मला खड्ड्यांची वाटली नाही. ‘पूर्ण झालेल्या किलोमीटरमागे’ हे शब्द जास्त काळजीचे आहेत. एखाद्याला चक्कर येतेय, गुडघा दुखतोय, पण आपण थांबलो तर एका मुलाच्या उपचाराचे पैसे कमी होतील असं त्याच्या डोक्यात आहे. अशा माणसाला तुमचा स्वीप कसा थांबवणार? तीच अडचण समितीची. वादळ दिसतंय, पण रद्द केलं तर निधी जातो. मदतफेरीत चुकीचे निर्णय बहुधा अशाच चांगल्या हेतूंनी घेतले जातात, आणि त्यावरचा उपाय रस्त्यावर सापडत नाही. तो आत्ताच करायला हवा.

देणगीदारांना या आठवड्यातच काही असं पाठवा : ‘आपण जास्तीत जास्त अंतरासाठी कबूल केलेली रक्कम आता सहभागासाठीची ठरावीक देणगी मानली जावी, अशी विनंती आहे. प्रकृती, हवामान किंवा सुरक्षेच्या कारणाने अंतर कमी झालं किंवा फेरी रद्द झाली, तरी ती उपचारांसाठीच दिली जाईल. आपली संमती कळवावी.’ बहुतेकजण आनंदाने हो म्हणतील. मूल बरं व्हावं म्हणून पैसे देणाऱ्याला 63 व्या किलोमीटरशी काय देणंघेणं? 70 चे 50 किंवा 25 केल्याने पडणारा प्रश्नही याच पत्राने सुटतो. ज्यांची संमती येणार नाही त्यांची रक्कम हिशोबातून वगळून चाला.

मग फेरी थांबवण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्या आणि ती व्यक्ती निधी गोळा करणारी नसावी. तिचा शब्द त्या दिवशी अखेरचा, समिती बैठक बोलावणार नाही. कोणत्या परिस्थितीत थांबायचं तेही आधी लिहून ठेवा. विजेचा नियम सोपा आहे : वीज चमकल्यापासून गडगडाट 30 सेकंदांच्या आत ऐकू आला तर सगळ्यांनी पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं. सायकलचे रबरी टायर विजेपासून वाचवतात हा गैरसमज आहे. धुकं, मुसळधार पाऊस, जोराचा आडवा वारा यांच्या मर्यादाही तशाच ठरवा.

वेळ मोजणं, क्रमांक लावणं, पहिल्या येणाऱ्याला बक्षीस देणं, यातलं काहीही ठेवू नका. घड्याळ लागलं की शर्यत सुरू होते. शर्यत म्हटली की विम्याच्या आणि परवानगीच्या अटीही बदलू शकतात.

### मार्ग

मार्गाची पाहणी गाडीतून करून भागत नाही. ज्या वाराला फेरी आहे त्याच वारी, त्याच वेळी, सायकलवरून जाऊन बघा. आठवडी बाजार, शाळेच्या बस, कारखान्याची पाळी सुटणं यांतलं काही इतर दिवशी दिसत नाही. मार्गाची दिशा अशी ठेवा की समोरच्या वाहतुकीला छेदून वळावं लागणार नाही : वाहनं डावीकडून चालतात तिथे डावी वळणं, उजवीकडून चालतात तिथे उजवी. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडता येतात का पाहा. तिरके रूळ, ओले पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं यांवर चाक निसटतं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर टायर फटीत अडकतो. भल्या सकाळी निघायचं ठरत असेल तर सूर्य कोणत्या बाजूला असेल तेही बघा. क्षितिजालगतचं ऊन समोर असलं की मागून येणाऱ्या वाहनचालकालाही तेच दिसत असतं, म्हणजे सायकलस्वार दिसत नसतो. अर्धा-पाऊण तास उशिरा निघालात तरी फरक पडतो.

चौकातल्या मार्शलना, म्हणजे तिथे नेमलेल्या स्वयंसेवकांना, एक गोष्ट बजावून सांगा. वाहतूक अडवायचा अधिकार बहुतेक ठिकाणी पोलिसांना किंवा खास नेमलेल्यांनाच असतो. मार्शलने सायकलस्वारांना सावध करायचं असतं आणि म्हणून त्याने चौकाच्या 40-50 मीटर आधी उभं राहावं. चौकात उभा राहून ‘चला, चला’ असा हात करणारा मार्शल धोकादायक असतो, कारण लोक रस्ता पाहायचं सोडून त्याच्याकडे पाहतात. चमकदार रंगाचं जॅकेट दिवसा उपयोगी पडतं. अंधारात प्रकाश परत फेकणारे पट्टे आणि दिवे लागतात.

सपोर्ट गाडी गटाच्या पुढे किंवा मागे चिकटून चालवू नका. पुढची गाडी अचानक थांबली की पहिला सायकलस्वार तिच्यावर आदळतो, आणि तिच्यामुळे त्याला पुढचे खड्डेही दिसत नाहीत; मागची गाडी इतर वाहनांना ओलांडायला आणखी लांब अडथळा देते. गाडीने एका ठरलेल्या थांब्यावरून पुढच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं. खिडकीतून बाहेर वाकून चित्रीकरण करणाऱ्यांना मात्र गाडीत घेऊच नका.

उताराचं काय? नवख्यांच्या 25 मध्ये तो नसावाच. 50 मध्ये टाळता येत नसेल तर माथ्यावर सगळ्यांना थांबवा आणि एकेकाला दहा-दहा सेकंदांनी सोडा. 30 च्या वेगात तेवढ्यात ऐंशी मीटरचं अंतर पडतं. उतारावर कोणी कोणाला ओलांडायचं नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही, वजन जरा मागे टाकून. वळणात शिरल्यावर दाबलेला ब्रेक चाक घसरवतो. रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडीवर रबरी पॅड दाबणाऱ्या) सायकलवर सतत ब्रेक धरून उतरलं तर रिम इतकी तापू शकते की ट्यूब फुटते. त्यामुळे लांब उतारावर मधे एक सक्तीचा थांबा ठेवा आणि डिस्क ब्रेक असेल तर त्याच्या तापलेल्या तबकडीला हात लावू नका असं सांगा. ज्याला भीती वाटते त्याने चालत उतरावं, त्याची कोणी चेष्टा करणार नाही याकडे स्वीपने पाहावं.

### सायकली

तपासणी फेरीच्या सकाळी ठेवली की ती नावापुरती होते. टी-शर्ट घालून, घरच्यांना घेऊन आलेल्या माणसाला ‘तुझी सायकल चालणार नाही’ असं कोण सांगणार? आठवडाभर आधी करा म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

ब्रेकची मूठ पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. रिम ब्रेकच्या पॅडवरच्या खाचा बुजल्या असतील तर पॅड बदला, आणि पॅड रिमवरच बसतो, टायरला घासत नाही, हे पाहा. घासणारा पॅड काही किलोमीटरमध्ये टायर कापतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या मुळाशी खटखट जाणवली तर हेडसेट (हँडल जिथे फिरतं तो जोड) सैल आहे. क्विक रिलीजचा (चाक पान्याशिवाय काढता-बसवता येणारा) खटका नटासारखा गोल फिरवून घट्ट केलेला असतो, ही फार आढळणारी चूक. तो अर्ध्या वाटेपासून जड लागला पाहिजे आणि मिटवताना तळव्यावर वळ उठला पाहिजे. टायरचा दाब त्याच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत ठेवा. बाजूच्या भिंतीला चिरा किंवा फुगवटा असेल तर तो टायर बाद.

हँडलच्या उघड्या टोकांना बुच असलीच पाहिजेत. पडताना उघडी नळी पोटात घुसून यकृत किंवा प्लीहेला इजा होऊ शकते. बुच असूनही हँडल पोटात जोरात लागलं असेल तर वरून साधं खरचटलेलं दिसलं तरी त्या माणसाला दवाखान्यात पाठवा.

मागून आणलेल्या किंवा भाड्याच्या सायकलींकडे वेगळं लक्ष द्या. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला हे सगळ्या सायकलींवर सारखं नसतं. ज्याला सवयीने मागचा ब्रेक दाबायचाय तो पुढचा करकचून दाबतो आणि हँडलवरून पुढे जातो. अशा प्रत्येकाला निघण्यापूर्वी दहा मिनिटं चालवायला लावा. बुटाला अडकणारी क्लिपची पेडलं नवीन घेऊन त्याच दिवशी पहिल्यांदा वापरायची नाहीत. हँडलला पिशवी लटकवायची नाही, ती पुढच्या चाकात जाते. म्हणून भेटवस्तूंची पिशवी शेवटी परत आल्यावर द्या. काठीचे झेंडे, फुगे, सैल स्कार्फ, लोंबती नाडी, कानातले हेडफोन, सगळं बंद. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली जेमतेम दोन बोटं जातील इतका पट्टा. मागे सरकवलेलं हेल्मेट कपाळ उघडंच ठेवतं.

### पडल्यावर

आता अ‍ॅम्ब्युलन्सपाशी येऊ. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा उपचार) मिळाला नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. साडेबारा किलोमीटर अंतर अ‍ॅम्ब्युलन्सने 50 च्या वेगाने कापलं तरी 15 मिनिटं जातात. तेव्हा खरा प्रथमोपचार गटातलाच कोणी करणार आहे. लीड आणि स्वीप, दोघांनाही सीपीआर यायला हवा : मिनिटाला 100 ते 120 दाब, छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटीमीटर खोल. हृदयाला झटका देणारं एईडी यंत्र मिळालं तर ते मध्यावरच्या थांब्यावर ठेवा.

कोणी पडलं की आधी गट रस्त्याच्या बाहेर, लीड पुढच्या बाजूला आणि आणखी एकजण मागच्या बाजूला वाहतुकीला सावध करायला, स्वीप जखमीपाशी. बेशुद्ध असेल किंवा मान-पाठ दुखतेय म्हणत असेल तर तिथे आणखी धोका असल्याशिवाय किंवा श्वासासाठी गरज पडल्याशिवाय हलवायचं नाही. डोक्याला मार लागून गोंधळलेला, तेच ते विचारणारा, उलटी करणारा, डोकं दुखतंय म्हणणारा माणूस त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसणार नाही, कितीही विनवलं तरी, आणि त्याला डॉक्टरकडे न्यायचं. ज्याचं हेल्मेट आपटलंय त्याचं हेल्मेट बाद, फुटलेलं दिसो वा न दिसो.

उष्माघात ओळखताना घाम येतोय की नाही याच्यावर जाऊ नका. श्रमाने आलेल्या उष्माघातात घाम येत असू शकतो. अंग तापलेलं आणि वागणं-बोलणं विस्कळीत, एवढं पुरे. तिथेच गार पाण्याने भिजवायला सुरुवात करा, वारा घाला, मग न्या. पाण्याबाबत नवख्यांना दोन टोकं माहीत असतात. काही पीतच नाहीत, काही भीतीने लिटरवर लिटर साधं पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम घटून आजारी पडतात. तहान लागेल तसं प्या, उन्हात क्षारांचं द्रावण जवळ ठेवा, इतकं सांगा.

मदतीला बोलावताना ‘आम्ही एका झाडाजवळ आहोत’ असा निरोप येऊ नये म्हणून दर किलोमीटरला क्रमांकाच्या पाट्या लावा. सर्वांकडे एकच आपत्कालीन नंबर. प्रत्येकाच्या पाठीवरच्या क्रमांकाची निघताना आणि परतताना नोंद. मधूनच घरी जाणाऱ्याने कळवलंच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी दोन माणसं कमी का, हे शोधत बसाल.

### सही आणि समिती

फॉर्मचा उपयोग आहे, पण समिती समजते तो नाही. स्वतःच्या जबाबदारीवर येतोय असं लिहून घेतल्याने आयोजकांचा निष्काळजीपणा माफ होतोच असं नाही. कायदा ठिकाणागणिक बदलतो, वकिलाला विचारा. फॉर्मवर घरच्यांचा नंबर, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, हृदयविकार, आकडी यांची माहिती घ्या आणि ती रस्त्यावर स्वीपच्या हाती असू द्या. विमा कंपनीकडून लेखी उत्तर मागवा : किती सहभागी, स्वयंसेवक धरले आहेत का, सपोर्ट गाड्या धरल्या आहेत का. लहान मुलं येणार असतील तर त्यांना वाहनं बंद असलेल्या जागेतच छोटा फेरा द्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. समितीपुढे ही सगळी यादी ठेवू नका, ती चर्चेत हरवेल. चार गोष्टी लेखी मागा : छोटे गट, दोन अंतरं, किलोमीटरशी न बांधलेली देणगी, आणि थांबवण्याचा अधिकार असलेली एक व्यक्ती. या चारही गोष्टींना जवळजवळ खर्च नाही. सोबत 39 सेकंद आणि चौतीस किलोमीटरचा हिशोब जोडा. उत्तराला एका आठवड्याची मुदत द्या, कारण त्यानंतर लीड तयार करायला वेळ उरत नाही. पाट्या, थांबे, जॅकेटं यांत तडजोड करा, या चारांत नको. तरीही नकार आला तर सुरक्षाप्रमुख म्हणून तुमचं नाव परवानगीच्या अर्जातून आणि विम्याच्या कागदांतून काढून घ्या, तसं लेखी कळवा, आणि हवं तर त्या दिवशी पाण्याच्या थांब्यावर काम करा. निर्णयाचा अधिकार न देता फक्त नाव मागणाऱ्या पदावर राहून तुम्ही त्या 120 जणांपैकी कोणाचंही भलं करू शकणार नाही.